सासूची वाढली, माझी नाही

ऐका, हे सांगितल्याबिगर चहा घशाखाली उतरणार नाही माझ्या! रायपूर राजधानी झालं तेव्हापासून आमच्या वार्डाच्या पार्षदाले, म्हणजे तुमच्याकडच्या नगरसेवकाले, सत्काराचा भारी नाद लागला. म्हाताऱ्यांची पेन्शन वाढली म्हणून त्यानं कार्यक्रम ठेवला. विधवांची मात्र होती तेवढीच. माझी सासू स्टेजवर हार घालून बसली अन् मी विधवा सून खाली सतरंजीवर.

मी उभीच झाली. "भैया, आमची काहून नाही वाढली?"

तो गोड हसला. "दीदी, बुजुर्गों का खर्चा ज्यादा रहता है. आप तो अभी हाथ-पाँव से मजबूत हो."

माझं डोकंच फिरलं. पण मी तोंड उघडायच्या आधी सासूनं त्याच्या हातचा माईक ओढला. जी माझ्याशी कधी धड बोलली नाही, ती बाई!

"काय रे बापू, गोल बाजारातला दुकानदार ह्या माझ्या सुनेले जुन्या भावानं तेल देते काय? चूल आमची एकच आहे!"

खालच्या साऱ्या विधवा उठून टाळ्या पिटून राहिल्या! पार्षद घाम पुसत म्हणाला, "माताजी, ऊपर बात पहुँचाऊँगा."

"साऱ्यांनी ऐकलं हं!" सासू माईकवरच ओरडली.

घरी जाताना रिक्षात मी तिचा हात धरला. "आई, माझ्यासाठी भांडल्या तुम्ही?"

हात झटकून म्हणते कशी, "तुझ्यासाठी काहून? तुझी नाही वाढली, तर माझी वाढलेली तूच खाशील ना!"