शंभर किलोची चाकं

आमच्या दिलीपनं सायकलची चाकं कशी घेतली, ते तुम्हाला सांगितलंच नाही. भातकुलीकडच्या खडीच्या रस्त्यावर हा दर रविवारी एखादा स्पोक तोडायचाच. शंभर किलोचा गडी! आम्ही चिडवायचो, "लेका, सायकलले बैलगाडीचे चाकं लाव."

मग कॅन्सर निघाला. केमोनं पार वाळला, तरी एक दिवस म्हणतो कसा, "चाल, चाकं घेऊन येऊ. मजबूत पायजे, पन सस्ते."

अमरावतीच्या दुकानदारानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि कमी स्पोकची हलकी जोडी पुढं ठेवली. "भाऊ, तुमाले हे चालतीन. सस्ते बी हायेत. वजन किती तुमचं?"

"शंभर."

दुकानदार हसला. "मजाक करून रायले काय?"

"आज नाई," दिलीप म्हणाला, "पन होईन ना पुन्हा. तवा कोन येईन बदलाले? जाड स्पोकचे दाखवा."

मी दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो.

ती सायकल आता मी चालवतो. वहिनींनीच दिली. खडीवरही चाकं अजून सरळ आहेत. ज्या वजनासाठी घेतली होती, ते त्यांच्यावर कधी बसलंच नाही.