‘पुट’ मिळणार नाही

बसा, बसा. माइक चालू आहे ना? सरी, ठीक आहे.

मल्लेश्वरमच्या या सभागृहात जमलेले आमचे नातेवाईक, श्रीपादअण्णाचे शेजारी, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने अर्धा दिवस बंद ठेवून आलेली माझी गिऱ्हाइकं, आणि पुढच्या रांगेतले मारतहळ्ळीच्या सॉफ्टवेअर कंपनीचे साहेब लोक. सगळ्यांना नमस्कार. मी वनजा. श्रीपादअण्णाची मावसबहीण. पीण्यात माझं दुकान आहे, यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग मोठ्या कागदावर छापून देते. मला भाषण येत नाही. गिऱ्हाइकाशी भांडता येतं. चार शब्द गोड बोलायचं ठरवून आले होते. पण माझ्या आधी जे बोलले त्यांचं ऐकता ऐकता तो बेत मोडला. राग आला की मोडतो.

काय काय ऐकलं मी! अण्णा सदा हसतमुख. अण्णा मृदुभाषी. अण्णाने आयुष्यात कोणाचं मन दुखावलं नाही. अय्यो, तुम्ही कोणाच्या शोकसभेला आलात? पत्ता एकदा नीट बघून घ्या.

आमचा अण्णा तिरसट होता. लग्नाची पत्रिका हातात दिली की मुलगा काय करतो, मुलगी कुठली, काही विचारायचा नाही. पत्रिका उजेडाकडे धरायचा आणि म्हणायचा, "हे काय छापलंय? अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलीत." मुलीच्या बापासमोर! अर्ध्या नात्याने त्याला बोलावणं सोडून दिलं होतं. ते अर्धं नातं आज आलंय आणि डोळे पुसतंय. पुसा. चहाची सोय मागे केली आहे.

तर तो करायचा काय? इथे बसलेल्या पुष्कळांना ठाऊक नाही. "कंप्युटरचं काहीतरी." इतकी वर्षं त्याच्या घरी कॉफी प्यायलात आणि कंप्युटरचं काहीतरी! मी माझ्या भाषेत सांगते. तुम्ही एखादं पान छापायला पाठवता ना, ते पान चित्र म्हणून जात नाही. हुकूम म्हणून जातं. इथून इथपर्यंत रेघ ओढ. इथे गोल काढ. गोलात काळं भर. इथे हे अक्षर ठेव. लांबच्या बहिणीला फोनवरून रांगोळी सांगावी, तसं. या हुकमांच्या भाषा असतात. काही नव्या, काही इतक्या जुन्या की त्या बोलणारी यंत्रंच भंगारात गेली. ते हुकूम वाचून पान पडद्यावर जसंच्या तसं काढून दाखवणारा प्रोग्रॅम अण्णाने लिहिला. नाव ठेवलं ‘पुट’. कानडीत पुट म्हणजे पान. बारशाला एवढाच विचार केला त्याने.

आणि तो प्रोग्रॅम त्याने जगाला फुकट दिला. नुसता वापरायला नाही. उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या. अटी दोन. माझं नाव पुसू नका. आणि तुम्ही काही सुधारलंत तर ते सगळ्यांसाठी उघडं ठेवा.

"फुकट देतो? वेडा आहे." हे कोण म्हणालं होतं, सांगू? नको. ते आत्ताच त्याला महात्मा म्हणून खाली बसलेत.

फुकटच्या वस्तूला कोणी विचारत नाही म्हणतात. साफ खोटं. फुकटच्या वस्तूबद्दल माणसं जास्त तक्रार करतात. या मारतहळ्ळीच्या मंडळींनी ‘पुट’ उचललं, आपल्या महागड्या मालाच्या पोटात घातलं, अण्णाचं नाव खरवडून काढलं, आणि वर लिहिलं, आमचं स्वतःचं. बरं, चोरी केली तर केली. चोराने निदान गप्प बसावं? नाही! जरा कुठे अडलं की अण्णालाच मेल. "ही त्रुटी ताबडतोब दूर करून कळवावे." कळवावे! अण्णा ती मेल सुमतीअक्काला वाचून दाखवायचा. सुमतीअक्का म्हणजे अण्णाची बायको. नात्याने माझी वहिनी, पण आमच्यात सगळे तिला अक्काच म्हणतात. मी एकदा तिथे बसले होते. अण्णाने उत्तर लिहिलं, "मी तुमचा नोकर नाही. असतो तर राजीनामा दिला असता." अक्का म्हणाली, "स्वल्प गोड लिहा." मग याने खाली लिहिलं, "आपला नम्र."

आता मी जे सांगणार आहे ते साहेबांनी नीट ऐकावं. फोन खाली ठेवा, साहेब. 

‘पुट’ला एखादा हुकूम समजला नाही, तर ते तिथे लाल चौकट काढायचं आणि लिहायचं, ‘ही जागा मला समजली नाही.’ मला ती चौकट आवडायची नाही. मी अण्णाला म्हटलं होतं, "अरे अण्णा, लाल दिसलं की गिऱ्हाईक माझ्या अंगावर येतं. थोडी फिकट तरी कर." तो म्हणाला, "वनजा, समजलं नाही तर समजलं नाही म्हणायचं. त्यात फिकट काय करायचं?"

मारतहळ्ळीत ही चौकट काढून टाकली. का? ग्राहकाला बरं दिसत नाही म्हणून. समजलं नाही की तेवढं सोडून पुढे जा, असं शिकवलं त्यांनी अण्णाच्या प्रोग्रॅमला. पान कसं, स्वच्छ! सुंदर! 

पीण्यातले आमचे एक कारखानदार पंपांचे भाग करतात. ते इथे आहेत, मागे बसलेत. त्यांनी यांच्याच मालातून एक जुनं ड्रॉइंग उघडलं आणि माझ्याकडे छापायला पाठवलं. मी छापलं. त्याप्रमाणे त्यांनी लोखंड कापलं. आणि जोडायला गेले तर एक भोक नाही! एकाही तुकड्यात नाही. अंगणात ढीग पडला. ते माझ्या दुकानात येऊन ओरडले, आणि त्यांचं बरोबर होतं, समोर मीच होते. मी मूळ फाइल आणि छापलेला कागद घेऊन अण्णाकडे गेले.

अण्णाची एक पद्धत होती. पडद्यावर त्याचा विश्वास नव्हता. पडदा खोटं बोलतो, कागद बोलत नाही, म्हणायचा. ‘पुट’मध्ये एक ओळ जरी बदलली तरी ठरावीक जुनी ड्रॉइंग माझ्या दुकानात छापून घ्यायचा, आधीचा कागद आणि नवा कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला चिकटवायचा आणि नाक लावून बघायचा. रेघेवर रेघ बसली पाहिजे. माझ्या दुकानाची ती खिडकी चिकटपट्टीच्या डागांनी भरली आहे. मी पुसत नाही. त्या दिवशी त्याच्या घरच्या खिडकीला आम्ही दोन कागद लावले. एक ‘पुट’चा, एक यांचा. ‘पुट’च्या कागदावर त्या भोकाच्या जागी लाल चौकट होती. कुठल्या जमान्यातला एक हुकूम होता, तो अण्णालाही तोवर भेटला नव्हता. यांच्या कागदावर त्या जागी काय होतं? काही नाही. पांढरं.

त्याने तिथूनच फोन लावला. पलीकडे कोणी मोठे इंजिनिअर होते. ते म्हणाले, "सर, ग्राहकाला एरर दिसली की वाईट वाटतं." अण्णा म्हणाला, "आणि भोक दिसलं नाही की बरं वाटतं?" फोन ठेवला. जेवला नाही. तो हुकूम काय आहे ते शोधून काढलं, ‘पुट’ला शिकवलं, आणि दुरुस्ती सगळ्यांसाठी उघडी ठेवली. सगळ्यांसाठी म्हणजे यांच्यासाठीही. यांनी घेतली. एका ओळीचे आभार नाहीत. चौकट मात्र काढलेली ती काढलेलीच.

अशी ही माणसं. आणि आज बघा, हार केवढा आणलाय! फोटोतला अण्णाचा चष्मा झाकलाय. कोणीतरी तो हार खाली सरकवा हो.

अण्णा गेला त्या आठवड्यात यांची मेल आली. वर शोक. तीव्र दुःख, अपरिमित हानी, आमच्या कुटुंबातला माणूस. खाली लगेच, ‘पुट’चे पासवर्ड कोणाकडे आहेत? राख थंड व्हायची होती हो. मग फळांची टोपली घेऊन दोघे घरी आले. अक्काला म्हणाले, ‘पुट’ आम्हाला सोपवा, आम्ही सांभाळू. त्यांच्या ऑफिसात एका सभागृहाला अण्णाचं नाव देतील. वर्षाला एक पुरस्कारही देतील. अक्काने विचारलं, "आणि जुन्या भाषा?" साहेब म्हणाले, "जुनं आता कोण वापरतं?" ती म्हणाली, "आणि लाल चौकट?" तर हे हसले. बाईमाणसाला चौकट माहीत आहे याचंच हसू आलं त्यांना.

तुम्हाला वाटेल, वनजा, प्रोग्रॅम तर उघडाच आहे, मग यांना हवंय काय? बरोबर विचारलंत. प्रोग्रॅम यांच्याकडे कधीचाच आहे. यांना नाव हवंय, आणि लोक जिथून तो उतरवून घेतात ती जागा हवी आहे. जगभर माणसं ‘पुट’ हे नाव बघून डोळे झाकून घेतात, कारण चुकलं तर ते चुकलं म्हणून सांगतं. उद्या त्याच नावाखाली यांचं ते गुळगुळीत सोंग गेलं की कोणाला कळणार? पीण्यातल्या कपाटांत ढिगाने जुनी ड्रॉइंग आहेत. पंप आहेत, लिफ्टचे भाग आहेत, इस्पितळातल्या पलंगांचे सांधे आहेत. एखादी रेघ गळाली तर कोणाला दिसणार आहे? आणि गळेल तेव्हा दोष कोणाला लागेल? श्रीपादरावांच्या ‘पुट’ला. माणूस मेला ते मेला, आता त्याच्या तोंडून खोटं बोलवून घ्यायचं आहे यांना.

जुनं कोण वापरतं म्हणे. साहेब, मागे वळून बघा. मागच्या चार रांगा वापरतात. हात वर करा हो, पीण्याची मंडळी. बघितलंत? ठेवा खाली.

मी रागावले आहे हे मला कळतंय. शोकसभेत असं बोलत नाहीत हेही कळतंय. पण मला दुःख झालंय आणि मला दुसऱ्या रीतीने बोलता येत नाही. मला अण्णा फार आवडायचा. त्याच्याशी भांडून घरी गेले की मला जेवण गोड लागायचं. आता कोणाशी भांडू? यांच्याशी? यांच्याशी भांडणात पण मजा नाही, हे प्रत्येक वाक्याला "नक्कीच, मॅडम" म्हणतात.

साहेब, तुम्ही अक्काला म्हणालात की आज सभेनंतर उत्तर मिळालं तर बरं. सभेनंतर कशाला? तिने मला सांगितलंय, इथूनच सांग, सगळ्यांसमोर. उत्तर, नको. सभागृह नको, पुरस्कार नको, फळं आम्ही वॉचमनला दिली. ‘पुट’च्या चाव्या, म्हणजे ते पासवर्ड, अक्काने आज सकाळी धारवाडच्या लीलाला दिल्या. लीला तिथे कॉलेजात शिकवते. तिने पाठवलेल्या दुरुस्त्या अण्णाने सगळ्यांत जास्त वेळा परत पाठवल्या. इतका मान त्याने दुसऱ्या कोणाला दिला नाही. ती रडत रडत म्हणाली, मला जमेल का ते माहीत नाही. अक्का म्हणाली, बस, एवढं म्हणता येणारं माणूसच हवं होतं.

तुम्ही मनात म्हणाल, बाई आत्ता दुःखात आहे, महिन्याभराने परत विचारू. म्हणून शेवटचं एक सांगते आणि बसते.

अण्णाला नेल्यावर आमच्या घरातल्या जाणत्या बायका अक्काभोवती जमल्या. कशासाठी, ते इथल्या बायकांना सांगायला नको. चालत आलेली रीत आहे. एकीने पदर ओला करून घेतला. अक्काने तिचा हात धरला आणि म्हणाली, "हे मी लावलंय. पुसायचं तेव्हा मी पुसेन." रडत म्हणाली. पण म्हणाली. त्या बायका तिच्या नात्याच्या होत्या, वयाने मोठ्या होत्या, तिच्यावर माया करणाऱ्या होत्या. त्यांना तिने कपाळाला हात लावू दिला नाही.

तुमच्याच रांगेत, अगदी टोकाला बसली आहे ती. मान वळवा, साहेब. कुंकू दिसतंय ना?

आणि तुम्ही तिच्याकडे फळांची टोपली घेऊन नवऱ्याचं नाव मागायला गेलात.

श्रीपादअण्णा, तुला माझा नमस्कार. चला, उठा सगळे. दोन मिनिटं कोणी काही बोलायचं नाही.

अक्का, तू उठू नकोस. तू बस. आम्ही उभे राहतो.