उलटे तीन टाके

दादा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी बाजारात बांगडे निवडत होते. नेमके बांगडेच, म्हणून हे सांगते.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. देवरूखला चामड्याच्या पिशव्या हाताने शिवायचा. मागच्या वर्षी माझ्या पिशवीचा बंद तुटला, तर म्हणाला, "मास्तरीणबाई, शिकवतो, तूच शीव." एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी. शेवटाला आले तेव्हा मला एस्टीची घाई. दादा चहा सांगायला आत गेला, तेवढ्यात मी दोरा कापून टाकला.

चौथ्या दिवशी भरबाजारात बंद उसवला आणि डझनभर बांगडे रस्त्यावर. मासेवाली म्हणाली, "काय गो बाय, परत समुद्रात सोडतेस की काय?"

दादाला फोन केला. त्याने एवढंच विचारलं, "शेवटी उलटे तीन टाके घातलेस?"

"नाही."

"मग दोरा धरणार कशाला गो? पोरांकडून रोज उजळणी करून घेतेस, नि स्वतःला तीन भोकं मागे यायला नको!"

पिशवी पुन्हा त्याच्याकडे पाठवली. मी दहाव्याला गेले तेव्हा वहिनीने ती आणून दिली. बंद शेवटच्या भोकापर्यंत शिवलेला होता आणि दोन्ही सुया लोंबत होत्या.

वहिनी म्हणाली, "'उलटे टाके तिच्याकडूनच घालून घेणार, माझ्यासमोर,' असं म्हणत होते."

ते कसे घालायचे, मला ठाऊक आहे. अजून घातलेले नाहीत.