बंगल्यामागची हिरवळ

श्रीगोंद्याच्या दवाखान्यात समोरच्या बाकावर एक म्हातारे बाबा नंबरची वाट बघत बसले होते. त्यांच्या हातांवर लाल चट्टे उठले होते. शेजारच्या बाईंना राहवलं नाही.

"हाताला काय झालं हो, बाबा?"

"गाजरगवत उपटलं. बंगल्यामागं पोरानं लॉन केल्तं, ते समदं त्या गवतानं खाल्लं हुतं."

"मग गडी लावायचा ना!"

"गडी दुपारपत्तोर उरकून गेला असता. मंग मी काय करू?"

"घरात कोन न्हाई?"

"बायकू वारली. पोरगं कॅनडात हाय."

"मग लॉन कुनासाठी?"

"नात म्हनली, आजोबा, सुट्टीत आले की गवतावर लोळनार. मंग तन काढलं, माती टाकली, नवं गवत लावलं. आता लई झ्याक दिसतंय."

"आली का नात?"

"न्हाई जमलं त्यांना. परवा व्हिडीओ कॉल केल्ता, तवा फोन धरून समदं फिरून दाखवलं. म्हनलं, हितं बघ कसा पाय बुडतोय, हितं सावली हाय."

"मग काय म्हनली?"

"फोन कवाच कट झाल्ता, ताई. मी आपला दाखवीतच हुतो."