कुंई

व्हय व्हय, हसा तुमी. तुमच्या गाडीत वाजत न्हाई न्हवं. तुमास्नी सांगतो, ह्या उमाजीनं जोयडा ते उळवी अकरा वर्सं वडापची जीप मारली, रानात गवा आडवा आला तरी कवा घाम फुटला न्हाई... पर ह्या नव्या अ‍ॅम्प्लीफायरनं घाम काढला. औंदा उळवीच्या जत्रंला सगळ्यास्नी गाणी ऐकवत न्यायचं, म्हणून चार स्पीकर घातले. गाणं लावलं, अ‍ॅक्सिलेटरवर पाय दाबला की कुंईऽऽ. जास्त दाबला की जास्त कुंईऽऽ. पाय काढला की गप. आता ह्याला काय म्हणायचं?

रामनगरचा विनायक मेकॅनिक म्हणला, "काका, पिन बदला." बदलली. कुंईऽऽ. म्हणला, "करंटाची वायर आन् आवाजाची वायर शेजारी झोपवलीया, ती लांब करा." एक डावीकडनं नेली, एक उजवीकडनं. कुंईऽऽ. मोबाइलचा चार्जर काढला, कुंईऽऽ. आमची शकुंतला म्हणली, "लिंबू बांधा." बांधलं. मग लिंबू हालायचं आन् कुंई वाजायची.

असं दोन म्हैनं गेलं. शेवटी गाठला जोयड्याचा नागराज, कानडी बोलणारा वायरमन. शीटाखाली डोकं घातलं, भाईर काढलं आन् म्हणला, "अण्णा, अर्थ इल्ला." मला आला राग. म्हणलं, अर्थ न्हाई तर न्हाई, माजी हौस हाय ती, तू कोण रं अर्थ काढणारा? त्यो कपाळाला हात लावून वायर दाखवतोय... अर्थिंग म्हणत हुता बापडा. जत्रंसाठी म्या गाडी रंगवली, आन् अर्थिंगची वायर पिळली त्या रंगावरच. रंगातनं कुटं करंट जातोय? त्येनं रंग खरवडला, उघड्या पत्र्यावर स्क्रू आवळला. पाय दाबला... गप. नुसतं गाणं. डोळ्यात पाणी आलं माज्या.

जत्रंदिवशी ऐटीत निघालो. गुंदच्या फाट्याला माजी रोजची पाशिंजर रुक्माअव्वा न्हाई. फुडं भिकाजीमामा न्हाई. फोनला रेंज न्हाई. उळवीला पोचलो, गाडीत म्या आन् चार स्पीकर. दुपारी समदी आली दुसऱ्याच्या टेंपोत, उभ्यानं. रुक्माअव्वा उतरली ती माज्यावरच, "मुडद्या, गेलास कवा? रोज तुजी कुंई आली की म्या चुलीवरनं च्या उतरवून रस्त्याला येते. आज कायतरी ग्वाड वाजलं, म्हणलं रिसॉर्टच्या पावण्यांची गाडी असंल, जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी गेलो नागराजकडं. म्हणलं, वायरीखाली परत रंग लाव. त्येनं परत कपाळाला हात लावला. "अण्णा, अर्थ इल्ला."

म्हणलं, ठावं हाय रं. पर पाशिंजर हाय.