उडालेलं भकल

अरे राव, माणच्या कामावर आमचा नवा टायरवाला पोकलेन आला ना, त्या दिवशीची गोष्ट. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, पूजा करून ब्रेकरवर, म्हणजे पोकलेनच्या खडक फोडायच्या हत्यारावर, नारळ फोडला. एक भकल हातात आलं, दुसरं कुठं उडालं कुणास ठाऊक.

ब्रेकरनं खडक फोडला. आता माती काढायला ब्रेकरच्या जागी शेजारी ठेवलेली बकेट जोडायची, तर ती लॉकच होईना! पाइपलाइनसाठी अख्ख्या गावाचं पाणी बंद. माझा जीव टांगणीला.

मेकॅनिक आला. म्हणाला, "लॉक गेलं असेल तर दोन दिवस धरा."

मग त्यानं बकेटच्या पिनेखाली हात घातला आणि नारळाचं भकल बाहेर काढलं. खट्! बकेट बसली.

हुश्श केलं आणि आबांकडं वळलो. तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी त्याच भकलाचं खोबरं धोतराला पुसून माझ्या तोंडात कोंबलं.

"आधी परसाद खा. मंग बोल काय बोलायचं ते."