गच्चीवरचा तंबू

शनिवारी मी कारखान्यातल्या बायकांबरोबर डांगच्या जंगलात राहायला चाललेय, ते घरात कसं ठरलं ते ऐका. तिथे ना संडास, ना मोबाइलला रेंज. ओढ्याचं पाणी आणि तीन दगडांची चूल.

आमचे हे म्हणाले, "जंगलात बिबटे असतात. जायचं नाही."

"बिबट्याने आपलं बघावं," मी म्हटलं आणि भाड्याने आणलेला तंबू घेऊन गच्चीवर गेले. जायच्या आधी एकदा उभा करून बघायला नको? दोऱ्या पाण्याच्या टाकीला बांधल्या. तंबू उभा राहिला, तशी आत जाऊन आडवी झाले.

तेवढ्यात शेजारच्या कोकिलाबेन कपडे वाळत घालायला आल्या. तंबूतून बाहेर आलेले माझे पाय त्यांनी ओळखले.

"बेन, घर सोडलं?"

मी उठेपर्यंत त्या ओरडत जिना उतरल्या. बघता बघता अख्खी बिल्डिंग वर आली. मागून हे, अर्ध्या दाढीला साबण तसाच.

"खाली चल गं. लोक बघतायत."

"मला इथे बरं वाटतंय." आणि ते खरंच होतं.

"तू म्हणशील ते करतो."

"मग शनिवारी डांगला जाते."

"जा बाई. पण आत्ता खाली चल."

"सगळ्यांनी ऐकलं ना?" मी विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

मी तंबूची घडी घालत असताना कोकिलाबेन जवळ आल्या नि हळूच म्हणाल्या, "जंगलातून आलीस की हा तंबू मला दोन दिवस दे. माझ्या धन्याकडूनही एक काम करून घ्यायचंय."